वेस्टमिन्स्टरच्या दारातील गाऱ्हाणे

मालक आणि नोकर यांनी एकाच मोर्चात खांद्याला खांदा लावून चालावे, हे दृश्य जगात कोठेही सहसा दिसत नाही; आणि कामगार चळवळीचे माहेरघर म्हणविणाऱ्या इंग्लंडात तर ते फारच दुर्मीळ. २५ फेब्रुवारी २०२५ रोजी लंडनमध्ये नेमके तेच घडले. वृद्धांची, अपंगांची आणि बौद्धिक व्यंग असलेल्या प्रौढांची रोजची देखभाल करणाऱ्या संस्थांचे चालक, त्यांच्या पगारावर राबणारे सेवक-सेविका आणि ज्यांची ही सेवा होते त्यांच्यापैकी काही जण ब्रिटिश संसदेसमोर हजारोंच्या संख्येने जमले. ‘प्रोव्हायडर्स युनाइट’ या नावाखाली एकवटलेल्या या मंडळींचे गाऱ्हाणे दोन वाक्यांत मावण्यासारखे होते. सरकारने आमच्यावर नवा बोजा लादू नये. लादायचाच असेल तर तो पेलण्यापुरते पैसे तरी हाती द्यावेत. सरकारने बोजाही उतरविला नाही आणि पुरेसे पैसेही दिले नाहीत. मोर्चेकरी आपापल्या गावी परतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाच्या तरी म्हाताऱ्या आईला अंथरुणातून उठवून बसविण्याच्या कामाला लागले.

या सगळ्या दुर्दशेचे मर्म आमच्या मते या शेवटच्या वाक्यातच आहे. गिरणी बंद पडली तर कापड निघत नाही, गोदी बंद पडली तर बोटी खोळंबतात. मुरगाव बंदराच्या परिसरात राहणाऱ्यांना हे सांगावयास नको. शुश्रूषेचे काम बंद पडले तर मात्र कोणा धनिकाचे काही अडत नाही, आणि सरकारचे तर त्याहून नाही. एक लुळा पडलेला म्हातारा ओल्या अंथरुणात पडून राहतो, इतकेच. ज्यांना हे डोळ्यांसमोर दिसते ते सेवक पगार तुटपुंजा असला तरी कामावर येत राहतात. आणि ते येतच राहणार याची ज्यांना खात्री असते ते राज्यकर्ते पैशाचा प्रश्न पुढे ढकलीत राहतात. हे घोंगडे तेथे थोडीथोडकी नव्हे, पाऊणशे वर्षे भिजत पडले आहे.

इंग्लंडातील ही व्यवस्था आमच्या सर्वच वाचकांना परिचित नसेल, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगणे अवश्य आहे. ५ जुलै १९४८ या एकाच दिवशी तेथे दोन कायदे अमलात आले. पहिल्याने राष्ट्रीय आरोग्य सेवा निर्माण केली आणि आजारी माणसाचा औषधोपचार, मग तो उमराव असो की हमाल, मोफत केला. दुसरा राष्ट्रीय साहाय्य कायदा. त्याने निराधार आणि जराजर्जर माणसांना आसरा देण्याची जबाबदारी स्थानिक कौन्सिलांवर टाकली, परंतु ज्याची जशी ऐपत तसा त्याच्याकडून आकार घ्यावा असे ठरविले. एकाच दिवशी जन्मलेली ही दोन भावंडे. पण एक घरात वाढले आणि दुसरे ओसरीवर. त्या दिवसापासून आजतागायत इंग्लंडातील माणसाचे दुखणे हे सरकारचे आणि त्याचे परावलंबन हे त्याचे स्वतःचे, अशी वाटणी चालत आली आहे.

या वाटणीचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो ते पाहा. एखाद्याला कर्करोग झाला तर शस्त्रक्रियेपासून औषधापर्यंत सर्व खर्च सरकार सोसते. त्याच्याच शेजाऱ्याला स्मृतिभ्रंश जडला, त्याला आंघोळ घालावी लागू लागली, घास भरवावा लागू लागला, रात्री तो दार उघडून बाहेर पडतो म्हणून कोणी तरी जागे राहावे लागू लागले, तर काही अपवाद सोडता तो खर्च त्याचा त्याने करायचा. ज्याच्यापाशी २३,२५० पौंडांहून अधिक माया आहे त्याला कौन्सिलकडून छदामही मिळत नाही. माणूस कायमचा केअर होममध्ये राहावयास गेला आणि मागे घरात पती वा पत्नी नसेल, तर राहते घरही या मायेत धरले जाते. जन्मभर हप्ते भरून घेतलेले घर अखेरच्या चार वर्षांच्या सेवेसाठी विकावे लागते ते असे. आणि २३,२५० हा आकडा २०१० पासून तसूभरही हललेला नाही. त्यानंतरच्या वर्षांत महागाई वाढत गेली. म्हणजे आकडा जागच्या जागी उभा ठेवून सरकारने गुपचूप उंबरठा खाली आणला. कायदा न बदलता अधिकार कमी करण्याची ही युक्ती आपल्याकडील अर्थखात्यांनाही चांगली अवगत आहे.

१९४८ पूर्वी इंग्लंडात गरिबांच्या कायद्याखाली ‘वर्कहाउस’ असत, आणि तेथे जाण्यापेक्षा मरण बरे असे गरीब म्हणत. ती लाज पुसून टाकावी, म्हाताऱ्यांनी सरकारी घरात कैद्यासारखे नव्हे तर हॉटेलातील पाहुण्यासारखे राहावे, अशी त्या वेळच्या मजूर सरकारची उमेद होती. उमेद चांगली होती, पण इमारती त्याच राहिल्या. समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी देशभरची घरे हिंडून १९६२ साली ‘द लास्ट रेफ्यूज’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा हजारो वृद्ध अजून जुन्या वर्कहाउसच्या भिंतींआडच दिवस काढीत असल्याचे उघड झाले. पुढे १९८० नंतरच्या दशकात सामाजिक सुरक्षेच्या निधीतून खाजगी घरांचे शुल्क भागविण्याची सोय झाली आणि खाजगी केअर होमांचे पेव फुटले. सरकारी खर्च हाताबाहेर जातो असे दिसताच १९९० चा नवा कायदा आला आणि १९९३ पासून सगळा कारभार कौन्सिलांच्या गळ्यात बांधण्यात आला. कौन्सिल म्हणजे आपल्याकडील पालिका आणि जिल्हा पंचायत यांच्यासारखीच संस्था, मात्र तिच्या हाती खरेखुरे अधिकार आणि खरोखरीचा पैसा असतो. तिने स्वतः सेवा न देता ती बाजारातून विकत घ्यावी, असा या कायद्याचा रोख होता.

आज इंग्लंडात अशा सेवा पुरविणाऱ्या सुमारे अठरा हजार संस्था आहेत आणि त्यांत पंधरा लाखांच्या आसपास माणसे काम करतात. बहुतेक संस्था खाजगी, काही धर्मादाय. त्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक कौन्सिल. आणि गिऱ्हाईक एवढे मोठे असले म्हणजे भाव दुकानदार ठरवीत नाही, गिऱ्हाईकच ठरवते. २०१० नंतर लंडनच्या सरकारने कौन्सिलांच्या अनुदानाला कात्री लावली आणि कौन्सिलांनी तीच कात्री संस्थांच्या दरांना लावली. तेथील स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने २०१७ साली केअर होमांची चौकशी केली, तेव्हा स्वतःच्या खिशातून पैसे भरणाऱ्या वृद्धाकडून कौन्सिलच्या दरापेक्षा सरासरीने ४१ टक्के अधिक शुल्क घेतले जाते असे आढळून आले. एकाच घरात, एकाच टेबलावर, तेच सूप पिणाऱ्या दोन म्हाताऱ्यांपैकी एकजण दुसऱ्याचा खर्च नकळत भरीत असतो. सरकार ज्याला बचत म्हणते ती अशा एखाद्या निवृत्त शाळामास्तराच्या पुंजीतून होत असते.

घरी जाऊन सेवा करणाऱ्यांची कथा याहून करुण आहे. सकाळी सातला एक बाई घराबाहेर पडते. पहिल्या घरी अर्धा तास, दुसऱ्या घरी पंधरा मिनिटे, मग सहा मैलांवर तिसरे घर. पंधरा मिनिटांत कुलूप उघडायचे, आजोबांना उठवायचे, धुवायचे, कपडे चढवायचे, गोळ्या द्यायच्या, चहा करून द्यायचा आणि केलेल्या कामाची नोंद करायची. आजोबा दोन शब्द बोलू लागले तर ते ऐकण्यास कागदावर वेळ नाही. दोन घरांमधला प्रवासाचा वेळ पगारात पुष्कळदा धरलाच जात नाही. म्हणजे बारा तास घराबाहेर राहिलेल्या बाईला आठ तासांचे पैसे. घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांच्या संघटनेने २०२५-२६ या वर्षासाठी हिशेब मांडून असे दाखविले की कायद्याप्रमाणे किमान वेतन, प्रवास, रजा, विमा आणि प्रशिक्षण हे सगळे सांभाळायचे तर तासाला किमान ३२ पौंडांहून अधिक दर मिळावयास हवा. पुष्कळ कौन्सिले त्याहून बरेच कमी देतात. उरलेली रक्कम कोठून येते, हे त्या बाईस विचारावे.

अशा स्थितीत ऑक्टोबर २०२४ चा अर्थसंकल्प आला. नव्या मजूर सरकारच्या अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी मालकांनी भरावयाच्या राष्ट्रीय विम्याच्या वर्गणीचा दर १३.८ टक्क्यांवरून १५ टक्के केला, आणि ही वर्गणी ज्या वार्षिक पगारापासून सुरू होते ती मर्यादा ९,१०० पौंडांवरून ५,००० पौंडांवर आणली. एप्रिल २०२५ पासून हे लागू झाले. दीड टक्काही नसलेली ही वाढ वरवर किरकोळ वाटते. पण गोम दुसऱ्या आकड्यात आहे. वर्षाला वीस हजार पौंड मिळविणाऱ्या सेवकापाठीमागे मालकाला पूर्वी सुमारे १,५०० पौंड भरावे लागत, ते आता २,२५० झाले. आणि अर्धवेळ काम करून नऊ हजार मिळविणाऱ्या बाईपाठीमागे पूर्वी काहीच भरावे लागत नसे, तेथे आता ६०० पौंड. या धंद्यात अर्धवेळ बायकांचा भरणा किती मोठा आहे हे अर्थमंत्र्यांना कोणी सांगितले नसेल असे नाही. त्याच एप्रिलमध्ये किमान वेतनही ताशी १२.२१ पौंड झाले. ते व्हावयासच हवे होते, त्याबद्दल कोणाची तक्रार असू नये. पण दोहोंचा मिळून भार एका वर्षात २८० कोटी पौंडांचा होईल असा अंदाज नफील्ड ट्रस्ट या अभ्याससंस्थेने वर्तविला, आणि सरकारने या कामासाठी कौन्सिलांना वाढवून दिलेले अनुदान होते ८८ कोटींचे. अगदी लहान मालकांना काही सूट दिली गेली हे खरे. तथापि सरकारी इस्पितळांना त्यांची वाढीव वर्गणी तिजोरीतून भरून मिळाली आणि त्याच इस्पितळांतून सुटलेल्या रोग्यांना सांभाळणाऱ्या संस्थांना मात्र मिळाली नाही, ही विसंगती कोणत्याही युक्तिवादाने झाकत नाही. लॉर्डांच्या सभागृहाने या संस्थांना वगळण्याची दुरुस्ती सुचविली. मार्च २०२५ मध्ये कॉमन्स सभागृहाने ती फेटाळून लावली. १९४८ च्या ओसरीवरचे भावंड अजून ओसरीवरच आहे.

बरे, हा प्रश्न कोणाला ठाऊक नव्हता असेही नाही. १९९९ साली सर स्टुअर्ट सदरलँड यांच्या राजनियुक्त आयोगाने माणसाची वैयक्तिक शुश्रूषा करांतून, मोफत व्हावी अशी शिफारस केली. स्कॉटलंडने ती २००२ साली अमलात आणली. इंग्लंडने मान हलविली आणि अहवाल फडताळात ठेवला. २०११ साली अँड्र्यू डिल्नॉट यांच्या आयोगाने सुचविले की माणसाच्या उभ्या आयुष्यात शुश्रूषेवर होणाऱ्या खर्चाला एक कमाल मर्यादा असावी, त्यापुढचा भार सरकारने उचलावा. २०१४ साली तसा कायदा झाला आणि ७२,००० पौंडांची मर्यादा २०१६ पासून लागू होणार असे ठरले. लागू होण्याआधीच ती २०२० वर ढकलण्यात आली, आणि मग तिचे नावही कोणी काढीनासे झाले. २०१९ च्या जुलैत बोरिस जॉन्सन यांनी पंतप्रधानपदी आल्या दिवशीच हा प्रश्न कायमचा निकालात काढण्याची घोषणा केली. २०२१ साली त्यांच्या सरकारने खास अधिभार बसविला आणि ८६,००० पौंडांची नवी मर्यादा ऑक्टोबर २०२३ पासून येणार म्हणून जाहीर केले. २०२२ मध्ये अधिभार रद्द झाला, मर्यादा ऑक्टोबर २०२५ वर गेली, आणि जुलै २०२४ मध्ये मजूर सरकारने तीही मोडीत काढली. त्या जागी जानेवारी २०२५ मध्ये लुईझ केसी यांच्या नव्या आयोगाची घोषणा झाली. त्याचा पहिला टप्पा २०२६ मध्ये आणि अखेरचा अहवाल २०२८ पर्यंत, असे वेळापत्रक आखले गेले. पुढची सार्वत्रिक निवडणूक २०२९ च्या आत व्हावयाची आहे, हा योगायोग वाचकांच्या ध्यानी आलाच असेल. हुजूर असोत की मजूर, वाटाण्याच्या अक्षता लावण्यात कोणीच उणे पडलेले नाही.

मात्र याचे सारे खापर पुढाऱ्यांच्याच माथी फोडणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. २०१७ साली थेरेसा मे यांनी निवडणुकीच्या जाहीरनाम्यात घरी मिळणाऱ्या सेवेच्या खर्चासाठीही घराची किंमत हिशेबात धरण्याचा प्रस्ताव मांडला. तो चांगला होता असे आम्ही म्हणत नाही. पण पैसे कोठून आणायचे हे निदान त्यात सांगितले होते. विरोधकांनी त्याला ‘स्मृतिभ्रंशावरील कर’ असे नाव ठेवले, चार दिवसांत पंतप्रधानांना माघार घ्यावी लागली आणि निवडणुकीत त्यांचे बहुमत गेले. त्या दिवसापासून या विषयाचे नाव काढले की इंग्लंडातील पुढाऱ्यांच्या अंगावर काटा उभा राहतो. सेवा सर्वांना हवी, तिचा कर कोणालाच नको. जर्मनीने १९९५ साली आणि जपानने २००० साली शुश्रूषेचा सक्तीचा विमा सुरू केला; माणूस धडधाकट असतानाच त्याच्या पगारातून थोडे थोडे कापून घेतले. त्या देशांचेही सगळे आलबेल आहे असे नव्हे; पण घर विकायचे की आईला ठेवायचे असा पेच तेथील मुलांपुढे इंग्लंडातल्याइतका नागवा उभा राहत नाही.

आता मोर्चातील मालकांविषयी. त्यांचे गाऱ्हाणे खरे आहे असे आम्ही वर म्हटले; पण गाऱ्हाणे घालणाऱ्याने आपलेही हात दाखवावे लागतात. २०११ साली सदर्न क्रॉस नावाची कंपनी बुडाली, तेव्हा तिच्या सातशेहून अधिक घरांत तीस हजारांवर वृद्ध राहत होते. तिच्यापाशी म्हातारे कमी आले म्हणून एवढी मोठी कंपनी बुडाली नाही. आधीच्या भांडवलदारांनी घरांच्या इमारती विकून नफा खिशात घातला होता आणि त्याच इमारतींचे दरवर्षी चढत जाणारे भाडे कंपनीच्या बोकांडी बसविले होते. भाडे चढत राहिले, कौन्सिलांचे दर गोठले, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांना आपले छप्पर राहणार की जाणार हे वर्तमानपत्रांतून कळू लागले. २०१९ साली फोर सीझन्स ही दुसरी बडी कंपनीही कर्जाच्या ओझ्याखाली प्रशासकाच्या हाती गेली. सगळेच चालक असे नाहीत. एकदोन घरे चालविणारे, स्वतः रात्रपाळी करणारे नवराबायको या धंद्यात पुष्कळ आहेत, आणि नव्या वर्गणीचे ओझे त्यांना फार जाणवले आहे. परंतु सरकारने उद्या पैसे सोडले आणि ते भाड्यात, व्याजात, लाभांशात जिरले, तर ती सकाळी सातला निघणारी बाई होती तेथेच राहील. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की पैसा द्यावा, तो सरकारनेच द्यावा, आणि तो सेवकाच्या पगारपत्रकापर्यंत पोचला की नाही याचा हिशेब मागून द्यावा. मालक-कामगारांच्या वाटाघाटींतून या क्षेत्राचे वेतन ठरविण्याची जी योजना ब्रिटिश सरकारने आखली आहे, तिच्यासाठी ५० कोटी पौंड जाहीर झाले आहेत. पण प्रत्यक्ष वेतनवाढ २०२८ मध्ये. येथेही २०२८ च!

कोविडच्या काळात या सेवकांचे कौतुक कमी झाले नाही. २०२० च्या वसंतात दर गुरुवारी रात्री आठ वाजता इंग्लंडातील लोक दारात उभे राहून टाळ्या वाजवीत, आपण २२ मार्चला थाळ्या वाजविल्या त्याच धर्तीवर. आणि त्याच दिवसांत, १७ मार्च ते १५ एप्रिल या महिन्याभरात, इस्पितळांतील खाटा मोकळ्या करण्यासाठी सुमारे पंचवीस हजार रोग्यांना केअर होमांत पाठविण्यात आले; आधी त्यांची तपासणी करावी असा दंडक नव्हता. हे धोरण बेकायदा होते असा निर्णय लंडनच्या उच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला. तोवर ज्यांना जायचे होते ते गेले होते.

गोमंतकीयांचा या कथेशी संबंध येथून सुरू होतो. टाळ्या थांबल्यावर थकलेले सेवक काम सोडू लागले आणि २०२१-२२ मध्ये तेथे १,६५,००० जागा रिकाम्या पडल्या. पगार वाढवून माणसे आणावीत हा सरळ मार्ग सोडून सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी सेवकांना व्हिसाचे दार उघडले. भारत, नायजेरिया, झिंबाब्वे येथून माणसे निघाली. केरळच्या परिचारिकांची वाट जुनीच होती. आता शेती गहाण टाकून, दलालांच्या हातांवर लाखो रुपये ठेवून परिचारिका नसलेली तरुण मुलेही गेली. आपल्याकडून पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला, साउथॉलला गेलेली मंडळी त्याआधीची. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर २०२० च्या अखेरीस ती वाट बंद झाली, पण जे गेले होते ते राहिले, आणि गोदामांत, कारखान्यांत तसेच केअर होमांतही ते राबत आहेत. ही वाट केवळ ख्रिस्ती घरांतील मुलांनीच धरली असा एक समज आहे. आपल्या वाड्यावरची बंद दारे मोजली तर तो खरा नाही हे कळेल.

व्हिसावर गेलेल्यांचे पुढे काय झाले? व्हिसा मालकाच्या नावाशी बांधलेला. मालक सोडला की देश सोडावा लागण्याची टांगती तलवार. काही ठिकाणी नोकरीच अस्तित्वात नव्हती, काही ठिकाणी ठरल्याच्या निम्मे काम. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात ब्रिटिश सरकारने या क्षेत्रातील ४७० हून अधिक मालकांचे परदेशी माणसे आणण्याचे परवाने रद्द केले; त्यांच्याशी निगडित सेवक ३९ हजारांवर होते. शिक्षा मालकाला, पण नवा मालक शोधीत दारोदार हिंडण्याची पाळी सेवकावर. मार्च २०२४ पासून सेवकांना बायकामुले सोबत नेण्यास बंदी झाली आणि २२ जुलै २०२५ पासून परदेशांतून नवे सेवक घेणेच बंद करण्यात आले. २०२४-२५ मध्ये १,११,००० जागा रिकाम्या असतानाच हा निर्णय झाला. संस्थाचालकांनी याविरुद्धही ओरड केली आहे. त्यांना आमचे एवढेच विचारणे की परदेशी माणूस स्वस्तात मिळत होता तोवर पगारवाढीची आठवण किती जणांना होती?

आपल्या अंगणात काय आहे हेही या निमित्ताने पाहावे. २०११ च्या जनगणनेत साठीच्या वरची माणसे देशात ८.६ टक्के होती, गोव्यात ११.२, केरळ सोडला तर एवढे प्रमाण कोणत्याच राज्यात नव्हते. आता ते आणखी वाढले असणार. मुलगा स्विंडनला किंवा दुबईला, मुलगी बंगळूरला, आणि सोप्यावर वाट पाहत बसलेली आजी, हे चित्र आता कोणत्याही गावात शोधावे लागत नाही. आजीजवळ ब्युरोने पाठविलेली, आजीची भाषाही न कळणारी एक मुलगी. मुलगा तिकडे परक्याच्या वडिलांना पेज नव्हे पण पॉरिज भरवतो आणि त्या कमाईतून इकडे आपल्या आईला भरविणाऱ्या मुलीचा पगार देतो. दोघांनाही सुटी नाही.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या प्रोव्हेदोरियाचे वृद्धाश्रम आहेत. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे मानधन खेड्यापाड्यांतील म्हाताऱ्यांच्या हाती पडते, आणि अनेक घरांत तेवढेच काय ते त्यांचे स्वतःचे पैसे असतात. पण मानधनाने औषध येते, कूस पालटून देणारा हात येत नाही. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील वाटा साठ ते एकोणऐंशी वयासाठी महिना २०० रुपयांवर कित्येक वर्षे थबकला आहे. इंग्लंडच्या गोठलेल्या २३,२५० चाच तो गरीब भाऊ. आईवडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधारांसाठी एक वृद्धाश्रम असावा म्हणतो. मात्र राज्य सरकारने तो ‘उभारलाच पाहिजे’ असे न म्हणता ‘उभारू शकेल’ असे म्हणतो. कायद्यातील या एका क्रियापदाने किती म्हातारे बाहेर ठेवले असतील!

इंग्लंडने निदान एक केले आहे. तेथे कोण सेवा देतो, किती माणसे राबतात, किती जागा रिकाम्या आहेत, तासाला काय दर पडतो, याचे आकडे दरवर्षी प्रसिद्ध होतात. म्हणूनच मोर्चा निघू शकतो आणि आम्हांला येथे बसून हा लेख लिहिता येतो. आपल्या विधानसभेच्या येत्या अधिवेशनात एखाद्या सदस्याने समाजकल्याण मंत्र्यांना इतकेच विचारावे: राज्यात घरोघरी म्हाताऱ्यांची सेवा करण्यासाठी माणसे पुरविणारे ब्युरो किती, त्यांच्या वहीत किती मुली आहेत, घरमालकाने मोजलेल्या पैशांपैकी त्यांच्या हाती किती पडतात, आणि त्यांना आठवड्याची एक सुटी मिळते की नाही. उत्तर तयार नसेल तर पुढच्या अधिवेशनापर्यंत मुदत द्यावी. २०२८ पर्यंत नको.